हळदीचा डाग ते जिवंत पेशीतला उजेड

१/ लग्नघरात पांढऱ्या सदऱ्याला हळद लागते. साबण घासला की पिवळा डाग क्षणात लाल होतो आणि लिंबू पिळले की पुन्हा पिवळा. पालममध्ये वाढलेल्या माझ्यासारख्यांना यात नवल नाही. परंतु जिवंत पेशीत उजेड पाडणाऱ्या रेणूंचा इतिहास समजून घ्यायला याहून सोपे दार मला सापडलेले नाही.

२/ साबण अल्कधर्मी असतो. तो हळदीतील कर्क्युमिनच्या रेणूतून प्रोटॉन काढून घेतो आणि रंग पालटतो. हे द्रव्य १८१५ मध्ये फोगेल व पेल्तिए यांनी वेगळे केले. त्याची रचना १९१० मध्ये उलगडली.

३/ आता कुंकू. पारंपरिक कृतीत हळकुंडांना टाकणखार आणि लिंबाचा रस लावत. लिंबू असूनही रंग लालच! कारण टाकणखारातील बोरॉन आम्लाच्या साक्षीने कर्क्युमिनला जखडतो. हा लाल रंग लिंबाने परतत नाही. पुढे रसायनशाळांत बोरॉन ओळखण्यासाठी हळदीचाच कागद वापरला गेला.

४/ मग आपल्या पूर्वजांना ‘प्रोब’ ठाऊक होते, असे म्हणावे काय? माझ्या मते नाही. कुंकू करणाऱ्या कारागिराला टिकाऊ रंग हवा होता. संशोधकाला उत्तर हवे असते: कोणता पदार्थ, कोठे आणि किती? कारागिरी थोर होती. प्रश्न मात्र वेगळा होता.

५/ १८५२ मध्ये स्टोक्स यांनी क्विनाइनच्या निळ्या झळाळीचा उलगडा केला. रेणू अधिक ऊर्जेचा प्रकाश शोषतो आणि कमी ऊर्जेचा परत देतो. हीच प्रतिदीप्ती. १८७१ मध्ये बायर यांनी फ्लुओरेसीन घडवले.

६/ अडचण पेशीची होती. ऊती रंगवताना पेशी बहुधा मरत. जिवंत पेशीतील कॅल्शियम पाहायचे, तर त्याला अचूक पकडणारा रेणू हवा. असा रेणू रॉजर त्सिएन यांनी १९८० मध्ये मांडला. पण तो विद्युतभारित होता. पेशीपटल त्याला आत घेईना.

७/ १९८१ मधील त्यांची युक्ती पाहा. भारित टोकांवर एस्टरचे आवरण चढवायचे. रेणू सहज आत शिरतो, पेशीची स्वतःचीच विकरे ते आवरण कापतात आणि पाहुणा आतच अडकतो.

८/ १९८५ मध्ये फ्युरा-२ आला. केवळ उजेड वाढला म्हणजे कॅल्शियम वाढले असे नव्हे. कदाचित तेथे रंगच जास्त साचला असेल. म्हणून ३४० व ३८० नॅनोमीटरच्या प्रकाशाने आळीपाळीने उजळवून गुणोत्तर घ्यायचे. रंगाचे प्रमाण बाजूला पडते, उत्तर उरते. २००८ च्या नोबेल मानकऱ्यांत त्सिएन होते. तो सन्मान मात्र हरित प्रतिदीप्त प्रथिनासाठी होता.

९/ महाराष्ट्रातही रंगरसायनाची परंपरा आहे. मुंबई विद्यापीठाचा रसायन-तंत्रज्ञान विभाग १९३३ चा. तेथे रंगद्रव्यांवर काम केलेले के. वेंकटरामन १९५७ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. आज मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अंकोना दत्ता यांचा गट जिवंत पेशींतील धातूंचे आयन दाखवणारे प्रोब रचतो.

१०/ आणि हळद? २००९ मध्ये कर्क्युमिनला बोरॉन जोडून क्रॅनाड-२ हा प्रोब बनला. अल्झायमरशी निगडित अमायलॉइड शोधण्यासाठी. कुंकवातली जोडी पुन्हा भेटली! पण २०१७ मधील एका विस्तृत आढाव्याने बजावले की कर्क्युमिनची स्वतःची चमक औषधांच्या चाचण्यांना चकवते. नसलेला गुणही दिसू लागतो.

११/ हळदीवरचे अमेरिकी पेटंट १९९७ मध्ये रद्द झाले, ते लिखित पुराव्यांच्या बळावर. अभिमानाला तोच निकष लावावा. जे चमकते ते काय सांगते, हे तपासल्याविना ना प्रयोग पुरा होतो, ना इतिहास.