कोठारातला फुटबॉल

अमेरिकन माणूस ज्याला फुटबॉल म्हणतो, त्यात पायाला काम बेताचंच असतं आणि चेंडूही गोल नसतो. देवळातून पळवलेला नारळ असावा तसा तो छातीशी धरून एक गडी धावतो आणि बाकीचे त्याच्या अंगावर पडतात. हा उद्योग १०० यार्डांच्या उघड्या मैदानावर चाललाय तोवर आपण बोलायचं कारण नाही. पण हाच प्रकार कुणी छपराखाली आणला तर? जिम फॉस्टर नावाच्या गृहस्थांनी तो आणला.

११ फेब्रुवारी १९८१ रोजी हे न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये छपराखालच्या सॉकरचा सामना बघत होते. सामन्यात मन रमेना म्हणा किंवा जास्तच रमलं म्हणा, त्यांनी जवळच्या पाकिटावर आकृती काढायला घेतली. आइस हॉकीच्या रिंगणात मावेल एवढं ५० यार्डांचं मैदान, कडेनं गाद्या लावलेल्या भिंती, एका बाजूला अकराऐवजी आठ गडी, आणि गोलखांबांच्या दोन्ही अंगांना ताणलेली जाळी. जाळीवर आपटून परत आलेला चेंडू जिवंत! हे वाचल्यावर मी खुर्चीतून उठलोच. भिंतीला लागून आलेला चेंडू एका हातात झेलला की आऊट, हा कायदा आमच्या चाळीत माझ्या जन्माआधीपासून होता. फरक एवढाच की फॉस्टरसाहेबांना १९९० साली आपल्या खेळाचं पेटंट मिळालं. आमच्याकडे कागदोपत्री नोंद व्हायची ती फक्त फुटलेल्या काचांची.

१९८७ साली चार संघांवर हा कारभार सुरू झाला आणि १९९५ साली फॉस्टर तो घेऊन आयोवा राज्यातल्या डी मॉइन शहरात आले. (इंग्रजी स्पेलिंगमधले दोन्ही ‘एस’ मुके आहेत. पगारी असावेत.) आयोवा म्हणजे मका, सोयाबीन आणि डुकरं, डी मॉइन म्हणजे विमा कंपन्या. अशाच एका कंपनीत माझा भाचेजावई असतो, म्हणून या इतिहासाशी माझा संबंध.

संघाचं नाव ठेवलं बार्नस्टॉर्मर्स. बार्न म्हणजे शेतावरचं कोठार. पहिल्या महायुद्धानंतर सरकारनं मोडीत काढलेली विमानं स्वस्तात घेऊन काही वैमानिक गावोगाव हिंडत. कुणाच्या तरी कोठारामागच्या शेतात उतरायचं, हवेत कोलांट्या मारून दाखवायच्या आणि चार डॉलर घेऊन गावकऱ्यांना फिरवून आणायचं. तमाशाचा फड म्हणा ना, फक्त हवेतला. पुढे अटलांटिक ओलांडणारा लिंडबर्गही याच बिऱ्हाडातला. म्हणून या संघाच्या शिरस्त्राणांवर वैमानिकांचे चष्मे रंगवले. खेळायला मिळालं व्हेटरन्स मेमोरियल ऑडिटोरियम. १९५५ सालच्या त्या थोराड इमारतीला गाव आधीपासून ‘बार्न’च म्हणत असे. एवढं जुळणारं तर लग्नाच्या पत्रिकेतही जुळत नाही.

आता खेळाडू. कर्ट वॉर्नर हा आयोवाचाच मुलगा. १९९४ साली ग्रीन बे पॅकर्सनं त्याला सरावाला बोलावलं आणि सरावातूनच घरी पाठवलं. मग तो सीडर फॉल्स गावात हायव्ही नावाच्या वाणसामानाच्या दुकानात रात्रपाळीला फळ्यांवर डबे रचू लागला, तासाला साडेपाच डॉलरवर. तिथून तो बार्नस्टॉर्मर्सकडे आला. भिंती जवळ, गडी अंगावर, विचार करायला उसंत नाही. अशा ठिकाणी चेंडू पटकन हातावेगळा करायची सवय लागते. मला विचाराल तर त्याचं खरं कॉलेज हे कोठारच.

१९९६ साली संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि तो सामना घरच्या मैदानात झाला. आपलं गाव, आपलं कोठार, आपला पोरगा. टँपा बे स्टॉर्म ४२, आयोवा ३८. चार गुण! दुसऱ्या वर्षी पुन्हा अंतिम सामना, पण ॲरिझोनात, आणि ५५-३३ असा सरळ पराभव. त्याचं कुणाला फार वाईट वाटलं नसावं. बावीस गुणांनी हरलेल्या माणसाला शांत झोप लागते. जागं ठेवतात ते चार गुण.

वॉर्नरची पुढची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. सेंट लुईस रॅम्सकडून जानेवारी २००० मध्ये सुपर बोल जिंकला, २०१७ साली हॉल ऑफ फेममध्ये गेला, २०२१ साली त्याच्यावर सिनेमा निघाला. डी मॉइनमध्ये २००४ साली उभ्या राहिलेल्या भल्या मोठ्या प्रदर्शन दालनाला नाव मिळालं, हायव्ही हॉल! जुन्या कोठाराला लागूनच आहे ते.

संघाच्या वाट्याला मात्र सिनेमा नव्हता. २००० च्या हंगामानंतर मूळ संघ न्यूयॉर्कला गेला. नाव तेवढं गावात मागे राहिलं. मधूनच बंद पडे, पुन्हा उभं राही. २०१५ साली ते इंडोअर फुटबॉल लीग या धाकट्या लीगमध्ये दाखल झालं. इथे ती जाळीही नाही, आणि नाव घेतल्यावर मान वळेल असा खेळाडू तर नाहीच. जुलै २०१८ मध्ये अंतिम सामना पुन्हा डी मॉइनमध्येच आला. समोर सू फॉल्स स्टॉर्म, २०११ ते २०१६ अशी ओळीनं सहा वर्षं ही लीग जिंकलेला संघ. नावातही पुन्हा ‘स्टॉर्म’च!

आयोवा ६९, सू फॉल्स ६८.

भाचेजावई त्या दिवशी हजर होता. गप्पांत त्याला १९९६ चा क्वार्टरबॅक विचारला, तर वाक्य पुरं व्हायच्या आत त्यानं ‘वॉर्नर’ म्हणून सांगितलं. मग २०१८ चा विचारला. तो छताकडे बघत राहिला. भाचीनं चहा आणला, तो निवला, तरी नाव येईना.

“नाव राहू द्या मामा,” तो शेवटी म्हणाला, “पण त्यांच्यातला एक भिंतीवरून थेट आमच्या रांगेत पडला होता. माझा अख्खा कोक सांडला आणि ‘सॉरी सर’ म्हणून पुन्हा आत उडी मारून गेला.”