मोरचुदाचा स्फटिक घरी कसा वाढवायचा आणि त्याच्या आतली रचना कशी कळते?

धाराशिव जिल्ह्यात ज्यांच्या घरी द्राक्षबाग आहे, त्यांना मोरचूद काय असतं ते सांगायला नको. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि १०० लिटर पाणी, की एक टक्क्याचं बोर्डो मिश्रण तयार. हेच मोरचूद बरणीत सावकाश वाढवलं तर बोटाच्या पेराएवढा निळाशार स्फटिक मिळतो. त्याचं रासायनिक नाव कॉपर सल्फेट पेंटाहायड्रेट. म्हणजे तांब्याच्या प्रत्येक अणूमागे एक सल्फेट आणि पाण्याचे पाच रेणू. हातात घेतलं तर कोरडं ठणठणीत, मग हे पाणी आत बसलंय कुठे?

आधी स्फटिक वाढवूया.

मोरचूद विषारी आहे, त्यामुळे हातमोजे आणि चष्मा हवाच. स्वयंपाकाचं कोणतंही भांडं वापरू नका. ॲल्युमिनियम किंवा लोखंडाचं तर अजिबात नको, त्यावर तांबं चढतं आणि द्रावण वाया जातं. काचेची बरणी घ्या. पाणी बॅटरीत टाकतात ते डिस्टिल्ड घ्या. मी पहिल्यांदा बोअरचं पाणी घेतलं होतं आणि बरणीत नुसता गढूळ गाळ झाला. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड असतं, त्यातले क्षार मध्ये येतात.

१०० मिली पाण्यात २० अंशाला साधारण ३२ ग्रॅम मोरचूद विरघळतं, ४० अंशाला ४४.६ ग्रॅम आणि ६० अंशाला जवळपास ६२ ग्रॅम. सगळा खेळ या फरकाचा आहे. गरम पाण्यात ४५ ग्रॅम विरघळवा, गाळून घ्या आणि झाकून ठेवा. थंड होताना जास्तीचं मोरचूद बाहेर पडतं आणि तळाशी छोटे दाणे तयार होतात. त्यातला सरळ कडांचा, तीन-चार मिलिमीटरचा एक दाणा निवडा. हे आपलं बीज. ते बारीक नायलॉन दोऱ्याला बांधा, वरचं थंड द्रावण दुसऱ्या बरणीत ओता आणि बीज त्यात लटकवा. तोंडावर कागद बांधा, म्हणजे पाणी हळूहळू उडेल. मग दोन-तीन आठवडे हात लावायचा नाही.

उन्हाळ्यात मात्र गंमत होते. दुपारी द्रावण तापलं की बीज विरघळायला लागतं आणि रात्री घाईघाईने परत वाढतं. असा स्फटिक आतून धुरकट निघतो. बरणी थर्माकोलच्या डब्यात ठेवली की हा त्रास बराच कमी होतो. उरलेलं द्रावण मोरीत किंवा ओढ्यात ओतू नका, मासे मरतात. बाटलीत भरून, नाव लिहून पुढच्या वेळेसाठी ठेवा.

आता त्या पाण्याकडे येऊ. फोनचा कॅमेरा २०० मेगापिक्सेलचा असला तरी इथे उपयोग नाही. डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर असते, तर तांबं आणि त्याला चिकटलेला ऑक्सिजन यांच्यात अंतर असतं ०.२ नॅनोमीटर. बाहेरचा आकार थोडी माहिती देतो. स्टेनोने १६६९ मध्ये दाखवलं की एकाच पदार्थाचे स्फटिक लहान-मोठे असले तरी त्यांच्या पृष्ठांमधले कोन तेच राहतात. पण कोनांवरून अणूंचा पत्ता लागत नाही.

तो लागतो क्ष-किरणांनी, कारण त्यांची तरंगलांबी अणूंमधल्या अंतराएवढीच असते. माक्स फॉन लाउए याच्या कल्पनेवरून १९१२ मध्ये म्युनिकला फ्रीडरिक आणि क्निपिंग यांनी स्फटिकातून क्ष-किरण सोडले, तेव्हा फोटोप्लेटवर ठिपके उमटले. त्यांनी पहिल्यांदा वापरलेला स्फटिक मोरचुदाचाच होता! पाठोपाठ ब्रॅग बाप-लेकांनी ठिपक्यांच्या कोनावरून अणूंच्या थरांमधलं अंतर काढायचं सूत्र दिलं.

तरी रचना लगेच मिळाली नाही. इथे माझ्यातला सॉफ्टवेअरवाला जागा होतो. ठिपक्यांचा पॅटर्न म्हणजे स्फटिकाचं फुरिये रूपांतर. जेपीईजी फोटोमध्ये त्याचाच चुलतभाऊ वापरतात. अडचण अशी की ठिपका किती ठळक आहे ते मोजता येतं, पण लाटेची फेज, म्हणजे तिचा चढ-उतार कुठे सुरू झाला, ती माहिती हरवते. फोटोतली फेज बिघडवली तर चेहरा ओळखू येत नाही, तसंच हे.

बीव्हर्स आणि लिप्सन यांनी १९३४ मध्ये मोरचुदापुरता यावर मार्ग काढला. क्ष-किरण इलेक्ट्रॉनवरून विखुरतात. तांब्यात ते २९, ऑक्सिजनमध्ये फक्त ८. शिवाय तांबं सममितीच्या केंद्रावर बसलेलं असतं, त्यामुळे त्याच्यापुरती फेज आधीच ठरलेली असते. तीच धरून बहुतेक ठिपक्यांची फेज लावता आली. कॉम्प्युटर नव्हताच, शेकडो साइन-कोसाइनच्या बेरजा हाताने केल्या. अशा बेरजांसाठी आकडे आधीच छापलेल्या कागदी पट्ट्या पुढे या दोघांच्याच नावाने प्रसिद्ध झाल्या.

उत्तर असं निघालं: पाण्याचे चार रेणू तांब्याभोवती चौकोनात, वर आणि खाली सल्फेटचा एकेक ऑक्सिजन. पाचवा रेणू तांब्याला शिवतही नाही. तो सल्फेट आणि बाकीच्या पाण्यामध्ये हायड्रोजन बंधांनी अडकलेला असतो. अणूंची ही मांडणी ज्या चौकटीत पुन्हापुन्हा येते, तिच्या बाजू साधारण ०.६१, १.०७ आणि ०.६० नॅनोमीटर, आणि एकही कोन ९० अंशाचा नाही. बरणीतला स्फटिक तिरका का दिसतो, ते इथे कळतं.

आज पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी हेच काम एका यंत्रावर होतं आणि फेजची आकडेमोड सॉफ्टवेअर करतं. त्या यंत्राला साधारण ०.१ ते ०.३ मिलिमीटरचा स्वच्छ स्फटिक पुरतो. म्हणजे तीन आठवडे जपलेला मोठा खडा शोकेसमध्ये, आणि यंत्रात जाणार तो बरणीच्या तळाशी पडलेला, आपण बीज म्हणूनही नाकारलेला कण.