कॅमेरा खोटं बोलत नाही, पण...

३ मार्च १९९१, मध्यरात्र उलटून गेलेली. लॉस एंजेलिसमध्ये जॉर्ज हॉलिडे नावाच्या प्लंबरने बाहेरचा गोंगाट ऐकून नवा हँडीकॅम उचलला आणि बाल्कनीतून शूटिंग सुरू केलं. समोर पोलीस रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला दंडुक्यांनी झोडपत होते. टेप स्थानिक चॅनेलवर लागली आणि बघता बघता जगभर पोचली. एवढा ढळढळीत पुरावा असल्यावर खटल्यात उरलं काय, असंच कोणालाही वाटेल, नाही का?

पण बचावपक्षाने तीच टेप ज्युरीला एकेक फ्रेम थांबवून दाखवली. 'इथे बघा, तो उठायला बघतोय, म्हणून हा फटका.' २९ एप्रिल १९९२ ला चारही पोलीस जवळपास सगळ्या आरोपांतून सुटले. शहर पेटलं, साठावर माणसं गेली. (पुढे १९९३ साली फेडरल खटल्यात चौघांपैकी दोघं दोषी ठरले.) आपल्या भाषेत सांगायचं तर लॉग एकच, पण आपण आणि क्लायंट त्यातून वेगवेगळं वाचतो!

त्याच १९९२ साली गायक पीटर गॅब्रिएलच्या पुढाकाराने 'विटनेस' ही संस्था सुरू झाली. १९८८ च्या अॅम्नेस्टीच्या संगीत दौऱ्यात (हा दौरा दिल्लीलाही आला होता) त्याला छळ सोसलेली माणसं भेटली होती. यांच्याकडे कॅमेरे असते तर? म्हणून संस्थेने कार्यकर्त्यांना कॅमेरे द्यायला सुरुवात केली. लवकरच कळलं की नुसते कॅमेरे वाटून भागत नाही. काय टिपायचं, कोणाला दाखवायचं, साक्षीदाराचा जीव धोक्यात कसा घालायचा नाही, हे सगळं शिकवावं लागतं.

मग २००५ मध्ये यूट्यूब आलं आणि चॅनेलवाल्यांच्या दारात उभं राहायची गरज संपली. इजिप्तमध्ये पोलिसांनीच एका मिनीबस चालकाच्या छळाचं चित्रण केलं होतं. ते ब्लॉगर्सनी नेटवर टाकलं आणि नोव्हेंबर २००७ मध्ये दोन पोलीस अधिकाऱ्यांना तीन वर्षांची शिक्षा झाली. त्याच महिन्यात असे व्हिडिओ टाकणाऱ्या वाएल अब्बास या ब्लॉगरचं खातं यूट्यूबने बंद केलं. कारण काय, तर हिंसक दृश्यं! ओरड झाल्यावर ते परत सुरू केलं.

तेव्हा निदान ओरडायला समोर माणसं तरी होती. २०१७ मध्ये दहशतवादी मजकूर शोधणाऱ्या अल्गोरिदमने सीरियातल्या युद्धाचे ढिगाने व्हिडिओ उडवले. प्रचार आणि पुरावा यातला फरक मशीनला कसा कळणार? दोन्हीत रक्त सारखंच दिसतं. आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टला आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने लिबियाचा कमांडर महमूद अल-वेरफल्ली याच्यावर काढलेल्या अटक वॉरंटमध्ये सोशल मीडियावरच्या व्हिडिओंचा मोठा आधार होता. ते व्हिडिओ आधीच डिलीट झाले असते तर? (न्यायालयात हजर होण्याआधीच २०२१ मध्ये त्याची हत्या झाली, ते वेगळं.)

थोडक्यात काय, शूटिंग हे सगळ्यात सोपं काम. कुठे, कधी, कोणी टिपलं याची नोंद ठेवणं आणि मूळ फाइल वर्षानुवर्षं जपणं हे खरं काम. व्हॉट्सअॅपवर फॉरवर्ड होणारा व्हिडिओ आकाराने लहान होतो आणि त्याला चिकटलेली बरीच माहिती गळून पडते. म्हणून उद्या तुमच्या मोबाइलमध्ये असं काही टिपलं गेलंच, तर फॉरवर्ड करण्याआधी मूळ फाइलची प्रत दोन ठिकाणी ठेवा. बॅकअपचं महत्त्व आपल्याला वेगळं सांगायला नको!