शालेय दप्तराचा खर्च आणि मोफत शिक्षणाची संकल्पना : कोल्हापूरच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

शिक्षणाच्या इतिहासाचे लेखन प्रामुख्याने कायदे, आयोग, संस्था आणि समाजसुधारक यांच्याभोवती फिरते. विद्यार्थ्याच्या खांद्यावरील दप्तराकडे त्या मानाने कमी लक्ष दिले गेले आहे. वास्तविक दप्तर हे शिक्षणव्यवस्था आणि कौटुंबिक अर्थव्यवस्था यांना जोडणारा दुवा होय. दप्तरात काय असावे हे शाळा ठरवते, त्याचा किती भार आपण उचलावा हे शासन ठरवते आणि उरलेला खर्च कोठून भागवावा हे घरातील कर्ती माणसे ठरवतात. 'शिक्षण मोफत झाले' असे आपण म्हणतो तेव्हा शुल्क माफ झाले एवढाच त्याचा अर्थ असतो की दप्तरही मोफत झाले, हा प्रश्न त्यामुळे महत्त्वाचा ठरतो. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झालेल्या कोल्हापूरच्या संदर्भात या प्रश्नाचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

दप्तर : शब्द आणि वस्तू

'दप्तर' हा शब्द फारसीतून मराठीत आला. त्याचा मूळ अर्थ हिशेबाची वही, नोंदींचा संग्रह वा कचेरी असा आहे. पेशवे दप्तर, हुजूर दप्तर या संज्ञा इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहेत. सरकारी कागद रुमालात बांधून ठेवण्याची पद्धत होती आणि अशा बांधलेल्या गाठोड्यास 'बस्ता' म्हणत. हाही शब्द फारसीतीलच. विद्यार्थ्याच्या पिशवीस 'दप्तर' म्हणण्याची रूढी या कारभारी परंपरेतून आलेली दिसते. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या घरात कागद आला तो केवळ सारा, कर्ज आणि दाव्याच्या निमित्ताने, त्या घरातील मुलाच्या खांद्यावर स्वतःचे 'दप्तर' येणे ही भाषिक रूढीपुरती बाब नव्हती. तो सामाजिक स्थित्यंतराचा भाग होता.

या दप्तरातील वस्तू कालानुरूप बदलत गेल्या. पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर अक्षर गिरवले जाई. पुढे दगडी पाटी व पेन्सिल आली. वरच्या वर्गात बोरू, दौत, पुढे टाक आणि कागदाचे ताव लागत. एकोणिसाव्या शतकात मेजर कँडी यांच्या क्रमिक पुस्तकांनी आणि विसाव्या शतकात आचार्य अत्रे यांच्या 'नवयुग वाचनमाले'ने मराठी मुलांच्या अनेक पिढ्या घडवल्या. दप्तराची पिशवी बहुधा घरीच, जुन्या लुगड्याच्या वा धोतराच्या कापडाची शिवली जाई. पिशवीस खर्च नव्हता. खर्च होता तो आतील वस्तूंचा.

संस्थानकालीन कोल्हापूर : शुल्क, दंड आणि वसतिगृह

शेतकरी व श्रमिक वर्गातील मुले शाळेत का येत नाहीत, याचे विवेचन महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात केले होते. घरातील दारिद्र्य आणि गुरे राखण्यासाठी व शेतीकामासाठी मुलांची लागणारी गरज ही त्याची मुख्य कारणे त्यांनी नोंदवली. किमान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी करतानाच शाळांच्या संख्येबरोबर शिष्यवृत्त्या व बक्षिसे यांचीही आवश्यकता त्यांनी प्रतिपादन केली. मूल शाळेत जाते तेव्हा घराचे उत्पन्न घटते आणि खर्च वाढतो, हे दुहेरी वास्तव फुले यांच्या विवेचनातून स्पष्ट होते.

बडोदा संस्थानाने १९०६ मध्ये संपूर्ण राज्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू केले होते. ना. गोपाळ कृष्ण गोखले यांचे १९११ चे विधेयक मात्र केंद्रीय विधिमंडळात संमत होऊ शकले नाही. या पार्श्वभूमीवर शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकास दरमहा १ रुपया दंडाची तरतूद होती. शुल्काचा अडसर दूर झाला आणि न शिकवण्याची किंमत पालकाला रोख स्वरूपात मोजावी लागेल, अशी व्यवस्था झाली.

तथापि शाहू महाराजांचे शैक्षणिक कार्य या आदेशापुरते सीमित नव्हते. प्राथमिक शिक्षणानंतर गाव सोडून शहरात येणाऱ्या विद्यार्थ्याचा मोठा खर्च शाळेच्या शुल्काचा नसून राहण्या-जेवण्याचा असतो. माधुकरी मागून वा वार लावून शिकण्याची प्रथा प्रामुख्याने ब्राह्मण विद्यार्थ्यांपुरती होती; बहुजन समाजातील मुलास असा आधार नव्हता. १९०१ मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेले व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि त्यानंतर जैन, मुस्लिम, लिंगायत, तसेच मिस क्लार्क वसतिगृह (१९०८) आदी विविध समाजांची वसतिगृहे ही उणीव भरून काढण्यासाठी उभी राहिली. कुंभोज येथे १८८७ मध्ये जन्मलेले आणि कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहिलेले कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. 'कमवा आणि शिका' या त्यांच्या सूत्रामागेही हीच जाणीव होती : शुल्कमाफी मिळाली तरी शिकण्याचा उर्वरित खर्च कोणाला तरी उचलावाच लागतो.

पाटीकडून वहीकडे

दप्तराच्या अर्थशास्त्रातील निर्णायक बदल म्हणजे पाटीची जागा वहीने घेणे. पाटी ही एकदा घेतली की फुटेपर्यंत टिकणारी वस्तू. ओल्या फडक्याने पुसली की ती पुन्हा कोरी होते. थोरल्याची पाटी धाकट्याकडे जाई. तिचा खर्च भांडवली स्वरूपाचा होता, असे म्हणता येईल. वही याच्या अगदी उलट. ती भरली की संपते, विषयागणिक वेगळी लागते आणि वर्षाच्या मध्येच पुन्हा विकत घ्यावी लागते. पाटीवरील अभ्यास पुसला जात असे, वहीत तो टिकतो. हा शैक्षणिक लाभ निर्विवाद आहे. परंतु त्याबरोबर कुटुंबाचा एकदाचा खर्च सतत चालणारा झाला, हेही तितकेच खरे.

पाठ्यपुस्तक या दोहोंच्या मध्ये येते. ते वर्षभर वापरून पुढच्या विद्यार्थ्यास देता येते. कोठारी आयोगाच्या शिफारशींच्या पार्श्वभूमीवर २७ जानेवारी १९६७ रोजी महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळाची, म्हणजेच 'बालभारती'ची स्थापना झाली. राज्यभर समान पुस्तके उपलब्ध झाल्याने जुन्या पुस्तकांच्या देवघेवीसही अनुकूल स्थिती निर्माण झाली. भावंडांत, गल्लीत, नातलगांत आणि निम्म्या किमतीत पुस्तके फिरू लागली. अभ्यासक्रम बदलला की मात्र ही साखळी तुटते. २०१८ मध्ये इयत्ता दहावीचा अभ्यासक्रम बदलला तेव्हा आदल्या वर्षीचे पुस्तक धाकट्या भावंडाच्या उपयोगाचे राहिले नाही. अभ्यासक्रमातील सुधारणा आवश्यक असते. परंतु तिचा एक हिशेब घराच्या खर्चातही मांडला जातो.

जून महिन्याचे गणित

दप्तराचा खर्च किती, याइतकाच तो केव्हा येतो हा प्रश्नही महत्त्वाचा आहे. पश्चिम महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्यास उघडतात. रोहिणी सरून मृग निघतो तोच हा काळ. बी-बियाणे, खत, पेरणीची मजुरी, घराच्या छपराची दुरुस्ती आणि पावसाळ्याची बेगमी हे सारे खर्च याच वेळी उभे असतात. उसाचा गळीत हंगाम साधारणतः दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन उन्हाळ्यात संपतो. ज्याच्या उसाचे बिल वेळेवर हाती पडले त्याला जून सुसह्य होतो. ज्याचे थकले, त्याच्या घरी वह्यांची यादी आणि खताची पावती एकमेकींच्या आड येतात. शेतमजूर कुटुंबापाशी तर उसाच्या बिलाचाही आधार नसतो.

या खर्चाची विभागणी तीन प्रकारांत करता येते. पहिला, काही वर्षे टिकणारा : पिशवी, कंपासपेटी, छत्री वा रेनकोट. दुसरा, वार्षिक : पुस्तके, गणवेश, पादत्राणे. तिसरा, सतत चालणारा : वह्या, पेन, पेन्सिल, प्रयोगवही, प्रवास. प्रापंचिक काटकसर पहिल्या दोन प्रकारांत चालते. पिशवीचा तुटलेला बंद शिवून घेता येतो, गणवेशाची दुमड उसवून तो आणखी एक वर्ष वापरता येतो, जुन्या वह्यांची कोरी पाने काढून त्यांची नवी वही बांधता येते. तिसऱ्या प्रकारात काटकसरीला वाव कमी असतो. ग्रामीण मुलींसाठीचा एस.टी.चा मोफत पास या दृष्टीने लक्षणीय ठरतो, कारण त्याने सतत चालणाऱ्या खर्चातील एक मोठी बाब कुटुंबाच्या हिशेबातून वगळली.

पंचगंगेच्या पुराने या गणितास आणखी एक परिमाण दिले आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत जिल्ह्यातील अनेक गावांत घरे पाण्याखाली गेली. जूनमध्ये जमवलेले दप्तर ऑगस्टमध्ये पुन्हा जमवण्याची वेळ पूरग्रस्त कुटुंबांवर आली. पाठ्यपुस्तकांचा संच पुन्हा मिळू शकतो. लिहून भरलेल्या वह्या परत मिळत नाहीत.

शासनाचा वाटा : एका रुपयाचा प्रवास

१९९२ मध्ये महाराष्ट्र शासनाने दुर्बल घटकांतील पहिली ते चौथीच्या मुलींसाठी उपस्थिती भत्ता सुरू केला. शाळेत हजर राहिलेल्या प्रत्येक दिवसाला १ रुपया असे त्याचे स्वरूप होते. १९१७ मधील कोल्हापूरचा दंड आणि १९९२ मधील भत्ता यांची तुलना उद्बोधक आहे. पहिल्या वेळी रुपया गैरहजेरीबद्दल पालकाकडून घेतला जाणार होता. दुसऱ्या वेळी तो हजेरीबद्दल पालकास दिला जाणार होता. शिक्षणाचा खर्च पालकास परवडत नाही, ही गोष्ट शासनाने यातून मान्य केली. मात्र दोन्ही रुपयांचे मोल सारखे नव्हते. १९१७ चा रुपया गरिबाला धाक वाटावा एवढा मोठा होता. १९९२ चा रुपया वर्षभराच्या २२० दिवसांच्या हजेरीनंतर २२० रुपये होई, आणि पुढे तीस वर्षे उलटूनही ही रक्कम बदलली नाही.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम २००९ मध्ये संमत झाला व १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ज्या खर्चामुळे बालकाचे प्राथमिक शिक्षण अडेल असे कोणतेही शुल्क वा खर्च त्याच्यावर लादता येणार नाही, अशी भूमिका या अधिनियमाने घेतली. केंद्राच्या २०१० च्या नियमांत शासकीय व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील बालकांना मोफत पाठ्यपुस्तकांबरोबर लेखनसाहित्य आणि गणवेश यांचाही हक्क नमूद आहे. 'मोफत' या शब्दाची व्याख्या येथे प्रथमच दप्तराच्या आतपर्यंत पोहोचली. परंतु हे संरक्षण आठवीपर्यंतचे आहे. नववीत वह्यांची संख्या वाढते, पुस्तके महागतात आणि अनेक गावांत शाळाही दूर जाते. नेमक्या त्याच वर्षी दप्तराचा संपूर्ण भार कुटुंबाकडे परत येतो.

वजन आणि कोरी पाने

दप्तराच्या खर्चाबरोबर त्याच्या वजनाची चर्चाही गेली तीन दशके चालू आहे. प्रा. यशपाल समितीने १९९३ मध्ये 'ओझ्याविना शिक्षण' ही भूमिका मांडताना खरे ओझे न समजलेल्या आशयाचे असते, याकडे लक्ष वेधले. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने दप्तराचे वजन विद्यार्थ्याच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक असू नये, असा निर्णय घेतला. २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणातही हेच प्रमाण स्वीकारले गेले.

वजन आणि खर्च या दोन्ही प्रश्नांना एकत्र भिडण्याचा प्रयत्न २०२३ मध्ये झाला. पाठ्यपुस्तकांतच वहीची कोरी पाने जोडून ती भागांत विभागून देण्याचा निर्णय शासनाने घेतला. वही विकत घेणे न परवडणाऱ्या पालकांना दिलासा मिळावा, हाही त्यामागील हेतू होता. प्रत्यक्षात विद्यार्थी वेगळ्या वह्या वापरतच राहिले आणि जानेवारी २०२५ मध्ये हा निर्णय रद्द झाला. २०२४-२५ मधील 'एक राज्य, एक गणवेश' योजनेतही गणवेश अनेक शाळांत वेळेवर पोहोचले नाहीत आणि डिसेंबर २०२४ मध्ये गणवेशाचे अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे देण्यात आले. दोन्ही प्रयोगांचा हेतू स्तुत्य होता. परंतु एकात मदतीची वस्तू गरजेशी जुळली नाही आणि दुसऱ्यात मदतीची वेळ.

निष्कर्ष

१. शुल्कमाफी हा मोफत शिक्षणाचा आरंभ होय. दप्तर, गणवेश, प्रवास व निवास हा खर्च त्याच्या बाहेर राहतो आणि गरीब कुटुंबाचा निर्णय बहुधा याच खर्चावर अवलंबून असतो.

२. कोल्हापुरातील वसतिगृह चळवळीचे वैशिष्ट्य म्हणजे तिने शुल्कापलीकडील खर्च ओळखला आणि त्यावर कायमस्वरूपी संस्थात्मक उपाय केला.

३. पाटीकडून वहीकडे झालेल्या स्थित्यंतराने खर्च सतत चालणारा केला. मदतीच्या योजना मात्र प्रामुख्याने वार्षिक वस्तूंभोवती, म्हणजे पुस्तक व गणवेश यांच्याभोवती राहिल्या.

४. मदतीच्या रकमेइतकेच तिच्या वेळेला महत्त्व आहे. जूनमध्ये लागणारी वस्तू जूनमध्येच मिळावयास हवी.

५. इयत्ता नववी हा कुटुंबाच्या अंदाजपत्रकातील कसोटीचा टप्पा असून शाळा व महाविद्यालयांनी पुस्तकपेढ्यांचे नियोजन करताना त्याचा प्राधान्याने विचार करणे आवश्यक आहे.

समारोप

ज्या कोल्हापुरात एकेकाळी मूल शाळेत न पाठवणे हा दंडनीय अपराध ठरला, त्या कोल्हापुरात आज मूल शाळेत पाठवावे हे कोणाही पालकास सांगावे लागत नाही. शिक्षणाची इच्छा निर्माण करण्याचे कार्य शतकभरापूर्वीच्या पिढीने पूर्ण केले. ती इच्छा दर जून महिन्यात पालकाच्या खिशाशी कशी झगडते, हे पाहण्याचे कार्य मात्र शिल्लक आहे. दप्तर या शब्दाचा मूळ अर्थ हिशेबाची वही असा आहे. शिक्षणाच्या अभ्यासकांनी त्या अर्थानेही दप्तर उघडून पाहणे अगत्याचे आहे.