देवापुढचे नृत्य आणि सभामंडपातील मोकळी जागा

जीर्णोद्धार समितीने स्मरणिकेसाठी इतिहासाचा लेख मागितला, तेव्हा बैठकीत झालेला एक वाद माझ्या मनात घोळत होता. नव्या सभामंडपाच्या मधोमध दर्शनबारीचे लोखंडी कठडे कायमचे बसवावेत, की ती जागा मोकळी ठेवावी? कठड्यांच्या बाजूनेही बोलण्यासारखे पुष्कळ आहे. एकादशीची गर्दी सर्वांनी पाहिली आहे. परंतु ही मधली जागा देवळात मुळात कशासाठी असते, ते एकदा ग्रामस्थ व देणगीदार बंधुभगिनींपुढे ठेवावे असे वाटले.

नाशिकला द्वारकेवरून पुणे रस्त्याने निघावे, म्हणजे सुमारे तीस किलोमीटरवर सिन्नर लागते. यादवांची ही जुनी राजधानी. तेथील गोंदेश्वराचे शैव पंचायतन आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले आहे. मध्ये महादेव, आणि भोवती विष्णू, गणपती, पार्वती व सूर्य यांची लहान देवळे. आपण नंदीला हात लावून थेट गाभाऱ्याकडे जातो, मंडपात कोणी थांबत नाही. जुन्या शिल्पशास्त्रात मात्र अशा मंडपाला रंगमंडप म्हणतात आणि मधल्या खांबांमधील शिळेला रंगशिळा. कोल्हापूर जिल्ह्यात खिद्रापूरला कोपेश्वराच्या स्वर्गमंडपात छताच्या गोल मोकळ्या जागेखाली अशी गोल शिळा आजही आहे. रंग म्हणजे नृत्य-नाट्याची जागा.

देवाला राजा मानून आपण उठवतो, न्हाऊ घालतो, नैवेद्य दाखवतो. त्यानंतरचे राजोपचार म्हणजे छत्र, चामर, गीत, वाद्य आणि नृत्य. पण नृत्याचा अर्थ केवळ राजाची करमणूक एवढाच नाही. वेरूळला व घारापुरीला शिव स्वतःच नाचतो आहे. दक्षिणेतील नटराजाच्या मूर्तीत तर प्रत्येक अवयवाला अर्थ दिला आहे. डमरू म्हणजे उत्पत्ती, हातातील अग्नी म्हणजे लय, पायाखालचा बुटका म्हणजे अज्ञान आणि उचललेला पाय म्हणजे शरण येणाऱ्याचा आसरा. तेव्हा देवापुढे नाचणारा देवाचेच देवाला परत देत असतो.

हे सारे ऐकायला गोड आहे. परंतु नाचत कोण होते, हेही सांगितले पाहिजे. तंजावरच्या बृहदीश्वर देवळावर राजराज चोळाचा इ. स. १०१४ च्या सुमाराचा लेख आहे. त्यात देवळाकडे नेमलेल्या ४०० नर्तकींची नावे व त्यांचा धान्याचा वाटा कोरला आहे. त्यांना घर होते, मान होता. आपल्याकडे मात्र खंडोबाला मुरळी सोडण्याची चाल पडली आणि उपचार देवाचा, किंमत मात्र कोवळ्या मुलीच्या आयुष्याची, असे झाले. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या चालीविरुद्ध आवाज उठवला. मुंबई इलाख्यात १९३४ साली देवदासी संरक्षणाचा कायदा झाला आणि महाराष्ट्राने २००५ साली अधिक कडक कायदा केला. ज्यांना हे लिहिणे मंगल प्रसंगी अप्रशस्त वाटेल त्यांनी क्षमा करावी.

मग आपल्या देवळात नृत्य उरले कोठे? पहिले उत्तर पूजेच्या ताम्हनातच आहे. गुरुजी राजोपचारांची नावे घेतात आणि त्यांच्याऐवजी अक्षता वाहायला सांगतात. म्हणजे एवढे मोठे नृत्य चार दाण्यांत मावले! दुसरे उत्तर पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, मोखाडा या बाजूच्या बोहाड्यात मिळते. रात्री मशालींच्या उजेडात, संबळाच्या तालावर गणपती, शारदा अशी देवादिकांची सोंगे मुखवटे चढवून नाचत येतात. मुखवटा चढला की एरवीचा शेजारी देव होतो आणि त्याच्या पाया पडतात. तेथे देवापुढे माणूस नाचत नाही, देवच गावात नाचून जातो. देवीचा गोंधळ आपण जाणतोच.

तिसरे उत्तर वारकऱ्यांचे. निवृत्तिनाथांच्या पौष वद्य एकादशीच्या यात्रेला त्र्यंबकला दिंड्या जाताना पाहाव्यात. टाळ, मृदंग आणि पावली. येथे कोणाला नाचायला नेमलेले नसते, कोणाला सोडलेले नसते. म्हातारी माणसे फुगड्या घालतात. मला स्वतःला रंगशिळेचा खरा वारस हाच वाटतो.

मात्र मंडपात पाऊल टाकण्याची मुभाच सर्वांना नव्हती, हे नाशिककरांना विसरता येणार नाही. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि तो काही वर्षे चालला, तरी दार उघडले नाही. मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा १९४७ साली झाला. पंचवटीच्या त्या दाराबाहेर उभे राहिलेल्यांची नातवंडे-पतवंडे आज टाळ घेऊन मधे उभी राहणार असतील, तर तेथे लोखंड असू नये.

म्हणून समितीला माझी सूचना एवढीच की कठडे सुटे करून घ्यावेत. एकादशीला लावावेत आणि कीर्तनाच्या आधी उचलून भिंतीशी ठेवावेत. फरशीही फार गुळगुळीत नको, पावली खेळताना पाय घसरतो. काल्याच्या दिवशी पुढच्या ओळीत कोणी उभे राहायचे, हे मात्र भजनी मंडळाने आपसात ठरवावे.