घरच्या हाताचं लाकूडकाम

आमच्या संग्रामपूर भागातल्या जुन्या घरात गेलं की लाकडाची वाटणी लगेच ओळखू येते. दाराची चौकट, छताचे सरे, वखर, तिफण हे सुताराच्या हातचं. बाज, खुंट्या, पाट, रवी, कुऱ्हाडीचा दांडा हे घरच्या हातचं. गावगाड्याबद्दल लिहिणारे सुताराबद्दल लिहितात आणि ते बरोबरच आहे. तो बलुतेदारांच्या पहिल्या ओळीतला. वर्षभर शेतकऱ्याची अवजारं भरायची, दुरुस्त करायची आणि सुगीत खळ्यावर जाऊन आपलं बलुतं न्यायचं, असा त्याचा रिवाज. पण हे बलुतं औताशी बांधलेलं होतं. ज्याच्याकडे औत नाही, त्याचा सुतारावर हक्कही नाही.

आमच्या आज्याकडे बैलजोडी नव्हती. जन्मभर सालदारी केली. सुताराकडून काही करून घ्यायचं तर रोख पैसा पाहिजे, आणि रोख पैसा घरात नाही. म्हणून आमच्या घरात जे काही लाकडाचं होतं ते त्यानंच केलेलं. अशी घरं गावात पुष्कळ होती. त्यांच्या हातकामाकडे मात्र फारसं कुणी पाहिलं नाही.

आमचा तालुका वर सातपुडा आणि खाली पूर्णा यांच्यामध्ये पसरलेला. डोंगरात साग, धावडा, तिवस, अंजन, सालई. खाली काळ्या मातीत आणि खारपाण पट्ट्यात बाभूळ, हिवर, निंब. माणसाच्या ऐपतीप्रमाणे लाकूडही ठरलेलं. सागाचं दार पाटलाच्या वाड्याला. बाकीच्यांना धुऱ्यावरची बाभूळ, तीही मालकाला विचारून. ती तोडायची अंधाऱ्या पाखात, म्हणजे भुंगा लागत नाही, असं सगळे मानत. मग ओंडका महिना-दोन महिने पाण्यात बुडवून ठेवायचा. यातलं चांदण्या-अंधाराचं मला सांगता येत नाही, पण पाण्याचं खरं आहे. भुंगेरा ज्यावर जगतो तो लाकडातला पिठूळ अंश पाण्यात कमी होतो.

हत्यारं म्हणजे एक वाकस, एक पटाशी, बस. सुतार आपलं हत्यार दुसऱ्याच्या हातात देत नसे. दसऱ्याला त्याची पूजा व्हायची, ते उसनं कसं द्यायचं? आज्यानं झिजलेली कानस लोहाराला दिली आणि तिची पटाशी करून घेतली. तिची मजुरी ज्वारीत चुकती केली.

बाज करायची त्याची रीत मी शेजारी बसून पाहिलेली. चार पाय, दोन लांब काठ्या, दोन आखूड. खिळा एकही नाही. पायाला भोक पाडायचं, काठीचं टोक तासून त्यात ठोकून बसवायचं. पण लाकूड निवडताना तो म्हणायचा, "आडव्या काठ्या खडखडीत वाळू दे. पाय थोडासा वल्ला पायजे." वाळलेली काठी आणखी आकसत नाही. ओला पाय मात्र वाळता वाळता आकसतो आणि काठीला आवळून धरतो. गुण्या नव्हता, तर सुतळी घ्यायची, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत मापायची, मग दुसऱ्या दोन कोपऱ्यांत धरायची. दोन्ही मापं सारखी भरली की बाज काटकोनात. शाळेत कर्ण शिकलो तेव्हा मला नवीन काहीच वाटलं नाही.

विणकाम आजीचं. अंबाडी पाण्यात कुजवून, सोलून, तिचा वाख वळून दोर करायचा. बाज ताणून विणली की त्या ताणानंच सांधे घट्ट राहतात. सैल झाली की पायथ्याची दोरी ओढायची. कुऱ्हाडीचा दांडा धावड्याचा. काचेच्या तुकड्यानं तो गुळगुळीत करायचा आणि वर जवसाचं तेल चोळायचं. जवसाचं तेल वाळून कडक थर धरतं, भुईमुगाचं तेल नुसतं चिकट राहतं.

पण धावडा आणायचा कुठून? सातपुड्यातून. आणि तिथंच खरी अडचण. इंग्रजांनी १८६४ साली वनखातं काढलं. १८६७ पर्यंत शेगाववरून नागपूरपर्यंत रेल्वे गेली, आणि रेल्वेला स्लीपरसाठी लाकूड हवंच होतं. पुढे कायद्यानं राखीव जंगलाची हद्द पक्की झाली. डोंगरातल्या कोरकूंना आणि खालच्या गरिबाला एक दांडा आणणं हासुद्धा गुन्हा होऊ लागला. १९३० साली बापूजी अण्यांनी पुसदला जंगल सत्याग्रह केला तो गवत कापून. वऱ्हाडातल्या माणसाला तो लगेच समजला, कारण गवत आणि लाकूड हा रोजच्या घरातला प्रश्न होता. स्वातंत्र्यानंतर १९६४ च्या कायद्यानं साग स्वतःच्या वावरातला असला तरी परवानगीशिवाय तोडता येईना. पुढे १९९७ साली अंबाबरवा अभयारण्य झालं. जंगल राहिलं पाहिजे, यात शंका नाही. पण दांड्याचं लाकूड कायद्यानं कुठून आणायचं, हा आज्याचा प्रश्न तसाच राहिला.

दुसरीकडून लोखंड आलं. किर्लोस्करांचे पहिले लोखंडी नांगर विकायला दोन वर्षं लागली, लोखंडानं जमीन नासते म्हणून लोक घेत नव्हते. पुढे तेच नांगर घरोघर झाले. मग ट्रॅक्टर आला. औत गेलं, त्यासोबत बलुतं गेलं, आणि सुतारही आज्यासारखाच रोख पैशाच्या शोधात निघाला. कुणी शेगाव-खामगावला फर्निचरच्या दुकानात लागला, कुणी पुण्याला. आता २०२३ च्या विश्वकर्मा योजनेत सुतारांना हत्यारांसाठी मदत मिळते. घरच्या हाताला ती लागू नाही, आणि त्यानं ती मागितलीही नसती.

आज बाज लोखंडी पाइपाची, पट्टी नायलॉनची, पाट प्लास्टिकचा. स्वस्त आहे, हलकं आहे, आणि बाईमाणसाचा दोर वळायचा त्रासही गेला. पण पाइपाचा सांधा निखळला की वेल्डिंगवाल्याकडे न्यावा लागतो, आणि पाट फुटला की उकिरड्यावर. घरात कुणाला तो जोडता येत नाही. गावातली पोरं मोबाइलवर पाहून स्टूल करतात, ड्रिल मशीनही भाड्यानं आणतात. हात त्यांचाही चांगला आहे. कोणत्या लाकडाचा दांडा टिकतो, ते अजून सांगू शकतील अशी म्हातारी माणसं सोनाळा, टुनकी, बावनबीरकडे सापडतात. फक्त त्यांना आता कुणी विचारत नाही, आणि धुऱ्यावरची बाभूळही ट्रॅक्टरला आडवी येते म्हणून बऱ्याच जणांनी काढून टाकली आहे.