तंजावूर राजवाडा परिसर

तंजावूर राजवाडा परिसर : तमिळनाडूतील तंजावूर शहरात नायक व भोसले राजवटींत घडलेले आणि सांप्रत सहकुटुंब पर्यटनाचे केंद्र झालेले वास्तुसंकुल.

सोळाव्या शतकात नायकांनी आरंभिलेल्या या वाड्यावर १६७६ च्या सुमारास व्यंकोजी भोसले यांचा अंमल बसला; १७९९ नंतर किल्ल्यापुरता उरलेला तो अंमल १८५५ मध्ये संपला. दरबार महाल, संगीत महाल, मनोरे, चोलकालीन कांस्यमूर्तींचे कलादालन आणि दुसऱ्या सरफोजींच्या (कार. १७९८–१८३२) विद्याव्यासंगाने समृद्ध झालेले, तालपत्रे व मोडी दफ्तरे जतन करणारे ग्रंथालय (पहा : सरस्वती महाल ग्रंथालय) ही येथील मुख्य प्रेक्षणीय स्थळे होत. नजीकचे शिवगंगा उद्यान मुलांच्या विहारास सोयीचे आहे. बृहदीश्वर मंदिरातील (पहा : बृहदीश्वर मंदिर) भोसले वंशाचा विस्तीर्ण मराठी शिलालेख (१८०३) आणि सरफोजींनीच समुद्रकाठी बांधविलेला मनोरा यांमुळे मराठी प्रवाशास हा परिसर विशेष महत्त्वाचा ठरतो.